रक्ताच्या इन्फेक्शनवरचा तो मेसेज पुढे पाठवू नका, प्लीज

आपल्या दांडिया बाजारच्या मंडळाच्या ग्रुपवर परवापासून एकच मेसेज चार वेळा आला, वर मामेसासूबाईंनीही मला वेगळा पाठवला. त्यात म्हटलंय की रक्तात इन्फेक्शन झालं आणि कल्चरच्या (रक्तातले जंतू लॅबमधे वाढवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टमधे एखादं औषध 'सेन्सिटिव्ह', म्हणजे त्या जंतूवर चालणारं, आलं की तेच शेवटपर्यंत चालतं, मधेच बदललं तर ती लूट. दुसऱ्यांदा कल्चरला रक्त देऊच नका, हेही त्यातच. आणि रेझिस्टन्स म्हणजे शरीराला औषधाची सवय लागणं, म्हणून ताप उतरला की अँटिबायोटिक बंद, असंही. मी इथे बडोद्यातच मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमधे आहे, ही कल्चरं रोज लावते, त्यामुळे गप्प बसवेना.

पहिलं ते 'सेन्सिटिव्ह'. पेशंटचं रक्त घातलेल्या बाटलीत जंतू वाढले की आम्ही ते प्लेटवर घालतो, दुसऱ्या दिवशी उगवलेल्या कॉलन्यांमधल्या (जंतूंच्या ठिपक्यांमधल्या) चार-पाच उचलतो आणि त्यांच्यावर औषधं लावून बघतो. म्हणजे रिपोर्ट त्या चार-पाच कॉलन्यांचा असतो, पेशंटच्या अंगातल्या सगळ्या जंतूंचा नाही, आणि तोही रक्त काढलं त्या दिवसाचा. एन्टेरोबॅक्टर हा जंतू घ्या. सेफट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक तोडणारं एन्झाइम बनवायचं जीन त्याच्याकडे मुळातच असतं, एरवी ते दबलेलं असतं एवढंच. पण दहा लाखांत, कोटीत एखादा असा निघतो की त्याचं बटण बिघडून कायमचं चालू राहिलेलं असतं, तो आमच्या चार-पाच कॉलन्यांत कुठून सापडणार? औषध सुरू होतं, बाकीचे मरतात, ताप उतरतो, घरचे जरा निवांत होतात, आणि तो एकटा मोकळ्या रानात वाढत राहतो, मग चार-सहा दिवसांनी पुन्हा थंडी वाजून ताप. १९९१ साली छापलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, एन्टेरोबॅक्टर रक्तात असलेल्या ज्या ३१ पेशंटना सेफट्रायॅक्सोनच्या पिढीतली औषधं दिली होती त्यातल्या ६ जणांत उपचार चालू असतानाच जंतू रेझिस्टंट झाला, म्हणजे त्या औषधांना दाद देईनासा झाला. म्हणून हा जंतू निघाला की रिपोर्टमधे सेफट्रायॅक्सोन सेन्सिटिव्ह असूनही बरेच डॉक्टर सेफेपिम किंवा मेरोपेनेम या दुसऱ्या अँटिबायोटिकवर जातात. बिलं फुगवणारे कोणीच नसतात असं मी म्हणत नाहीये, पण औषध बदललं एवढ्यावरून चोर ठरवू नका, कारण विचारा.

दुसऱ्यांदा रक्त देऊ नका, हे तर मला फारच लागलं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस (स्टॅफ ऑरियस) हा जंतू रक्तात सापडला की रक्त साफ होईपर्यंत दर एक-दोन दिवसांनी कल्चर करायचंच असतं. उपचाराचे दिवससुद्धा पहिल्या निगेटिव्ह, म्हणजे जंतू न वाढलेल्या, कल्चरपासून मोजतात, ताप उतरल्यापासून नाही. आणि रक्त साफ होत नसेल तर जंतू कुठेतरी दडी मारून बसलाय असं समजायचं, हृदयाच्या झडपेवर, मणक्यात, साठलेल्या पुवात, नाहीतर डायलिसिसच्या नळीवर, जिथे जंतू भरपूर आणि औषध पोचतं कमी, आणि रेझिस्टन्स तयार व्हायला अशीच जागा लागते. २००६ च्या या जंतूवरच्या एका मोठ्या ट्रायलमधे डॅप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या १२० पेशंटपैकी ६ जणांत त्या औषधाचा जोर उपचारातच कमी पडायला लागला होता. हे कळतं कशावरून, तर पुन्हा काढलेल्या रक्तावरूनच ना!

सवयीचं थोडक्यात सांगते. सवय शरीराला लागत नाही, बदललेला असतो तो जंतू, आणि तोही बऱ्याचदा औषध यायच्या आधीपासूनच, हे लेडरबर्ग या शास्त्रज्ञ नवरा-बायकोनी १९५२ मधे प्लेटवर दाखवून दिलंय.

राहिलं ताप उतरला की बंद. इथे एक खरी गोष्ट आहे ती लपवणार नाही, जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं असं नाहीये. २०२४ मधे सात देशांतल्या ३,६०८ पेशंटवरचा ट्रायल आला, त्यात रक्ताच्या इन्फेक्शनला ७ दिवसांचा कोर्स १४ दिवसांपेक्षा कमी पडला नाही. पण त्यात स्टॅफ ऑरियसवाले घेतलेच नव्हते, त्यांना कमीत कमी दोन आठवडे, झडपेला लागलं असेल तर चार ते सहा आठवडेसुद्धा लागतात. म्हणजे दिवस जंतूवर आणि जागेवर ठरतात, थर्मामीटरवर नाही.

ज्यांचं कोणी आत्ता ॲडमिट आहे त्यांनी राउंडला डॉक्टरांना एवढंच विचारा: जंतू कोणता निघाला, निगेटिव्ह कल्चर कोणत्या तारखेचं, आणि पू किंवा नळी काढायची राहिलीय का. पहिला रिपोर्ट फाइलमधून काढू नका, दुसरा आला की दोन्ही शेजारी ठेवून दाखवा.