ट्यूबचं कौतुक, वॉटचा हिशोब आणि माझी एक चूक

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, पण तुमची प्रतिक्रिया "धन्यवाद, मताचा आदर आहे" म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी बेस गिटारसाठी ट्यूब अ‍ॅम्पचं बरंच कौतुक केलं होतं (ट्यूब म्हणजे आवाज वाढवणारी काचेची नळी). प्रतिक्रिया देणाऱ्या या वाचकाचं म्हणणं असं की हे सगळं जुन्याचं प्रेम आहे, डोळे बांधून ऐकवलं तर फरक कोणालाच सांगता येत नाही, अडीच किलोचा क्लास डी (म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा हलका) अ‍ॅम्प सॅकमध्ये मावत असताना चाळीस किलोचं धूड कोण वाहणार, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तर स्टुडिओत अ‍ॅम्पशिवाय वाजवायचा, आणि "३०० ट्यूब वॉट म्हणजे ६०० साधे वॉट" हे माझं वाक्य निव्वळ थाप आहे. शिवाय नवीन शिकणाऱ्यांची मी दिशाभूल करतोय.

थापेपासून सुरू करतो, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. तुम्ही स्वतः इलेक्ट्रॉनिक्सवाले, म्हणजे सोनारानेच कान टोचले, तक्रार नाही. वॉट म्हणजे वॉट, तो काचेच्या नळीतून आला काय नि चिपमधून आला काय. आणि दुप्पट वॉटने मिळतात फक्त ३ डेसिबल, कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट पॉवर, त्यामुळे माझं वाक्य खरं असतं तरी त्यात एवढं फुशारकी मारण्यासारखं काही नव्हतंच. ते वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आणि तसंच उतरवलं, झालं.

पण ही समजूत आली कुठून ते बघा. बेसच्या तारेवर बोट पडतं तेव्हा पहिला ठोका खूप उंच जातो आणि मग सूर खाली बसतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प मर्यादेला पोचला की तो ठोका वरून कापल्यासारखा सपाट होतो, कानाला कर्कश लागतं, म्हणून आपण आपसूक व्हॉल्यूम मागे घेतो. ट्यूब तिथे हळूहळू वाकते, टोक गोल होतं, आणि ते ऐकायला वाईट वाटत नाही त्यामुळे आपण अ‍ॅम्प छापील आकड्याच्या पुढेही बिनधास्त ढकलतो, सरासरी आवाज वर येतो आणि खोलीतले लोक म्हणतात काय दणका आहे. वॉट वाढलेले नसतात, आपण फक्त वापरायला कचरत नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं, त्याऐवजी गुणाकार लिहून बसलो.

आता ब्लाइंड टेस्ट. हो, मी पण नापास झालोय. मित्राने दोन्ही अ‍ॅम्प रेकॉर्ड करून, ईक्यू मारून (म्हणजे खर्ज आणि वरच्या आवाजाचं प्रमाण जुळवून), ड्रमच्या आवाजाखाली बसवून ऐकवले आणि मी अगदी ठामपणे, मान डोलावत, क्लास डीला ट्यूब म्हणालो. तो अजून हसतोय.

मात्र नंतर त्याच दिवशी ट्यूबवाल्यासमोर मी वाजवत बसलो. ई तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा जी, साधा आठ-आठ ठोक्यांचा पॅटर्न. हेडचा (म्हणजे स्पीकरशिवायच्या अ‍ॅम्पच्या खोक्याचा) गेन, म्हणजे आत येणारा आवाज किती वाढवायचा ते, असा ठेवलेला की हलक्या बोटाने सूर अगदी स्वच्छ येतो. बोट जरा आत रुतवलं की आवाज फारसा मोठा होत नाही, पण त्याला एक खरखर येते, घशातून गुरगुरल्यासारखी, आणि पुन्हा हात सैल सोडला की गेली. म्हणजे एकाच ओळीत चार सूर गुळगुळीत, पाचवा गुरगुरणारा, कुठल्याही पेडलला पाय न लावता. पाच मिनिटांत माझा हातच बदलला, मी कमी जोराने वाजवायला लागलो कारण जोर राखून ठेवण्यात मजा होती. मग दुसऱ्या अ‍ॅम्पवर तेच वाजवलं, आवाज छान होता, पण मी जोर लावला की तो नुसता मोठा व्हायचा. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला यातलं काही कळणार नाही, कळायची गरजही नाही. मला जे कौतुक आहे ते या बोटाखालच्या गोष्टीचं आहे, आणि लेखात मी ते "उबदार टोन" वगैरे शब्दांत गुंडाळलं, त्यामुळे तुम्हाला ते अंधश्रद्धेसारखं वाटलं तर नवल नाही.

अजून एक, हे तुम्हाला आवडेल. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची ई ४१ हर्ट्झची असते, आणि ज्या ८ बाय १० कॅबसमोर (दहा इंची आठ स्पीकरचं खोकं) आपण लोटांगण घालतो तो साठ हर्ट्झच्या आसपासच मान टाकायला लागतो. म्हणजे मूळ सूर तिथे अर्धामुर्धाच असतो, आपण ऐकतो ते ८२, १२३ असे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, आणि मूळ सूर मेंदू स्वतः भरून घेतो. ट्यूब दाबली की ती नेमकी याच हार्मोनिक्सची भर घालते, म्हणून फोनच्या चिमुकल्या स्पीकरवरसुद्धा ती बेसलाइन ऐकू येते. आणि कॅबचा संबंध एवढ्यावर संपत नाही, आठ ओहम छापलेल्या स्पीकरचा विरोध त्याच्या रेझोनन्सपाशी (ज्या सुराला तो सगळ्यात सहज थरथरतो तिथे) कित्येक पट वर चढतो, बहुतेक ट्यूब अ‍ॅम्पची पकड तिथे सैल असते, त्यामुळे तेवढ्या भागात आपोआप फुगवटा येतो. आम्ही दोन्ही अ‍ॅम्प मल्टिमीटर लावून एका सुरावर सारखे करून घेतले होते तरी दुसऱ्या सुरावर ते सारखे नव्हते, ते यामुळेच. हा फुगवटा ईक्यूने बराचसा आणता येतो हे मान्य. बोटाचं ते वागणं ईक्यूने येत नाही.

वजनावर वाद घालत नाही. अ‍ॅम्पेगचा एसव्हीटी हा ट्यूब हेड १९६९ साली आला तो मोठ्या स्टेजसाठी, ३०० वॉट आणि आत एकूण १४ ट्यूब, त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सनी तो अमेरिका दौऱ्यावर नेला. पण त्यांच्याकडे उचलायला माणसं होती. माझ्याकडे मीच. बाहेर वाजवायला जाताना आता माझ्याही सॅकमध्ये क्लास डीच असतो, हे लेखात सांगायला थोडी लाज वाटली एवढंच.

जेमरसनचा मुद्दा बिनतोड आहे. बाहेर वाजवताना त्याच्याकडे अ‍ॅम्पेग बी-१५ हा ट्यूब अ‍ॅम्प असायचा, पण मोटाउनच्या स्टुडिओत बेस बहुतेकदा थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलला लागायचा. प्रिसिजन बेस, न बदललेल्या जुन्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा आणि उजव्या हाताचं एकच बोट. या उदाहरणाने तुमचं सिद्ध होतं (अ‍ॅम्प लागत नाही) आणि माझंही (खरी गोष्ट बोटात असते), म्हणून ते इथेच सोडतो.

नवीन शिकणाऱ्यांबद्दल मात्र तुमचं ऐकतो. पहिल्या वर्षी ट्यूब अ‍ॅम्प घेऊ नका रे. आधी सेटअप नीट करून घ्या, बेसच्या मानेचा बाक, तारांची उंची, मग चांगल्या तारा, मग बरा स्पीकर, अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी. आणि पुढच्या पॅनेलच्या जाळीतून एक ट्यूब झगझगीत नारिंगी दिसतेय म्हणून भाळू नका, काही ठिकाणी त्या एकुलत्या एक १२एएक्स७ या छोट्या ट्यूबच्या मागे एलईडी लावलेला असतो. खरी १२एएक्स७ इतकी मंद तापते की उजेडात नीट दिसतही नाही.

शिवाय ट्यूब अ‍ॅम्प चुका माफ करत नाही. मी एकदा घाईत हेड आणि कॅबच्या मध्ये स्पीकर केबलऐवजी गिटारची केबल लावली होती, दिसायला दोन्ही सारख्याच. तिसऱ्या गाण्यात आवाज गेला, हात लावला तर केबल गरम. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला स्पीकर सुटला तरी सहसा काही होत नाही, ट्यूबवाल्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्टँडबायचा खटका (ट्यूब तापत्या ठेवून आवाज बंद करणारा) वेळेवर दाबला म्हणून वाचलो, त्यात अक्कल कमी, नशीब जास्त. आणि स्वतः उघडून बघायची खुमखुमी असेल तर आवरा, एसव्हीटीसारख्या हेडच्या आत सातशे व्होल्टच्या घरात प्रकरण असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते राहतं.

तर ६०० वॉटवालं वाक्य लेखातून काढलंय, जागेवर दुरुस्तीची टीप टाकलीय. शीर्षक बदलणार नाही. एक विचारायचं राहिलं, तुम्ही लिहिलंय की तुमच्या ग्रुपने केलेल्या टेस्टमध्ये सगळे चुकले, तर त्या वेळी बेस तुमच्यापैकी कोणाच्या हातात होता, की सगळे समोर बसून ऐकत होते?