पदवीच्या चौथ्या वर्षाबद्दल खुलासा

'तीन वर्षांची पदवी बंद झाली, ७५ टक्क्यांखाली ऑनर्स नाही' असा मेसेज लातूर-उदगीरकडे पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार किमान १२० क्रेडिटांवर (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारं माप) तीन वर्षांची पदवी मिळतेच. ऑनर्सला, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला, १६० लागतात. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट आहे ती फक्त संशोधनासह ऑनर्सला. त्यात १२ क्रेडिटांचा प्रकल्प असतो. ऑनर्सची बाकीची मुलं त्याऐवजी पेपर घेतात.

मी भूगोल शिकवतो. परवा एक मुलगी गाठी मारलेल्या दोरीनं शेतातल्या विहिरीचं पाणी मोजून आली, वहीत तारीखवार आकडे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या लातुरात हाच खरा अभ्यासक्रम! अशी मुलं एका मेसेजपायी घरी बसायला नकोत. शंका असेल तर कॉलेजात येऊन विचारा.