घरात बसा म्हणे! अन् रोजी कोण देणार?

उन्हाळा लागला की मोबाईलवर तोच मेसेज. उष्णतेची लाट आहे, दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे घाला. कोणाला सांगता हो हे? ज्याच्या घरी कूलर आहे तो तसाही त्या वेळी बाहेर निघत नाही. आम्ही रस्त्यावर डांबर पसरवत असतो, आणि तो रस्ता सरकारचाच असतो. मेसेज सरकारचा, काम सरकारचं, बिल काढणारं सरकार. मग तोच मेसेज ठेकेदाराला आदेश म्हणून काहून जात नाही? पाळायचं फक्त मजुरानं, तेही स्वतःची रोजी बुडवून?

चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ वर जातो. बातम्यांतला हा आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चारेक फूट वर असतो. आमच्या डोक्यावर पेटी नाही आणि झाडही नाही, रस्त्याकडेचे कडुनिंब रुंदीकरणात केव्हाच गेले. वरून मे अखेरच्या नवतपाचं ऊन आणि खाली प्लांटवरून आलेला १५० अंशांच्या आसपासचा डांबर-गिट्टीचा माल. टिप्पर उलटला की वाफेचा भपका सरळ तोंडावर येतो. चपलेचा तळ मऊ होतो, एका जागी पाय टेकवत नाही. बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून घमेली उचलतात.

माल थंडा झाला तर नीट दबत नाही. म्हणून साहेब येतात, त्यात लांब दांडीचा थर्मामीटर खुपसतात आणि आकडा वहीत टिपतात. मालाचा ताप रोज टिपला जातो. तो माल उचलणाऱ्या बाईच्या अंगात किती ताप आहे हे पाहायला साइटवर दवाखान्यातलं साधं थर्मामीटर नाही.

आमच्या गँगमधली एक काकू याच मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास खाली बसली. "मले कायीच दिसून नाही रायलं," एवढंच म्हणाली आणि मग काहीच्या काही बडबडायला लागली. मुकादम म्हणे, चक्कर आहे, चहा पाजा. अरे, चहा? अंग तव्यासारखं तापलंय, माणूस भलतंच बोलतोय, हा उष्माघात आहे. अशा वेळी आधी अंग थंड करायचं असतं. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, ओल्या फडक्यानं मान आणि काखा पुसत वारा घालायचा आणि तोवर १०८ ला फोन लावायचा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागून जीव जातो. आम्ही तिला टिप्परच्या सावलीत नेलं, कारण मैलभरात दुसरी सावलीच नव्हती. अंगावर ओतायला पिण्याची कॅन घेतली तर मुकादम ओरडला, मग बाकीचे काय पितील? वीस-बावीस माणसांत एक कॅन, तीही अकरा वाजेपर्यंत चहासारखी गरम. काकू वाचली. आठवड्याच्या चुकाऱ्यात तिला त्या दिवसाची अर्धी रोजी धरली. ३०० चे १५०. मी भांडलो तर उत्तर काय, "अर्धा दिवसच काम केलं ना बाईनं."

आणि भरपूर पाणी प्या म्हणणाऱ्यांनी एक दिवस बायांसोबत काढावा. त्या पाणी पीतच नाहीत. मुद्दाम पीत नाहीत. लघवीला जायचं कुठं? हिवाळ्यात निदान तूर, पऱ्हाटी उभी असते. मे महिन्यात वावर उलंगलेलं, नांगरून टाकलेलं, दूरवर माणूस दिसतो. सकाळी सातला घरून निघालेली बाई संध्याकाळपर्यंत दाबून धरते, घोटभर पाण्यानं ओठ ओले करते. प्यायचं पाणी, संडास, प्रथमोपचार हे सगळं ठेकेदारानं पुरवायचं असतं, कायद्यात हे १९९६ पासून लिहिलेलं आहे. आमच्या साइटवर यातलं काय आहे? एक कॅन.

ठेकेदाराचं ठरलेलं गाऱ्हाणं असतं. पावसाच्या आत काम उरकायचंय, माल थंडा होतो, दुपारी थांबलं तर परवडत नाही. खोटं आहे हे. शहरात गाड्यांची अडचण नको म्हणून रात्री दिवे लावून डांबर टाकतात ना? तिथं रात्रीचा माल दबतो, मग इथं काहून दबत नाही? गाडीवाल्याची दहा मिनिटं वाचावी म्हणून वेळ बदलता येते, मजुराचा जीव वाचावा म्हणून येत नाही. पहाटे पाचला सुरू करा, साडेदहाला थांबा, पुन्हा पाचनंतर चालू करा. आम्ही यायला तयार आहोत. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. त्या वाळवंटात हे जमतं आणि वाशिम-यवतमाळात जमत नाही?

बांधकामाच्या खर्चातून मजुरांच्या कल्याणासाठी एक टक्का उपकर कापला जातो. तो पैसा ज्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जातो, त्यात नाव घालायचं तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार तो देत नाही, कारण त्याच्या कागदावर आम्ही नाहीच. उद्या कोणी रस्त्यावर मेलं तर तो आमचा माणूसच नव्हता म्हणायला मोकळा.

मेसेज पाठवणं बंद करा आता. टेंडरमध्ये डांबराच्या थराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिता ना, त्याच्याच खाली लिहा: लाटेच्या इशाऱ्यात १२ ते ४ काम बंद, रोजी पूर्ण, शेड, दोन माठ, ओआरएसची पाकिटं, बायांसाठी आडोशाचा संडास. साहेब थर्मामीटर घेऊन येतातच, तेव्हा हेही तपासा. नसेल तर ठेकेदाराचं बिल अडवा. जाडी कमी भरली तर अडवताच ना?