इंडियम दहा वर्षांत संपणार? हिशेबच चुकलाय

इंडियम या धातूबद्दलचा एक मजकूर पुन्हा फिरतोय: ‘इंडियम दहा वर्षांत संपणार. मग टचस्क्रीन, टीव्ही, सोलर पॅनेल सगळं बंद. ग्राफीनचा पर्याय तयार आहे, पण कंपन्या तो दाबून ठेवतात.’ 2007 च्या सुमारासही अशीच मुदत सांगितली जात होती. शिकलेसवरलेले लोक हे न तपासता पुढे पाठवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘साठा भागिले वार्षिक वापर, उत्तर दहा वर्षं.’ हा भागाकार इंडियमला लागूच पडत नाही, कारण त्याच्या स्वतंत्र खाणी जवळपास नसतातच. 1863 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला राइख आणि रिश्टर यांना ते जस्ताच्या खनिजात सापडलं आणि आजही मुख्यतः तिथूनच मिळतं. टनभर खनिजात ते एका ग्रॅमहून कमी ते शंभर ग्रॅम असतं. जस्त शुद्ध केल्यावर उरलेल्या गाळातून ते काढायचं की तसंच टाकून द्यायचं, हे भाव ठरवतो. म्हणजे ‘साठा’ हा आकडा जमिनीत काय आहे ते सांगत नाही, आज काय काढणं परवडतं ते सांगतो. चीनमधलं फान्या धातू विनिमय केंद्र 2015 मध्ये कोलमडलं, तेव्हा त्याच्याकडे सुमारे 3,600 टन इंडियम पडून होतं. जगाच्या तेव्हाच्या वार्षिक उत्पादनाच्या चौपटीहून जास्त! संपत आलेल्या वस्तूचे असे ढीग लागत नाहीत.

‘प्रत्येक फोन भरपूर इंडियम खातो.’ स्वतः गणित करा. पडदा सुमारे 100 चौरस सेंटिमीटर, त्यावरचा वीज वाहून नेणारा, पारदर्शक असा इंडियम टिन ऑक्साइडचा थर 100 नॅनोमीटर, घनता 7.1 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. थराचं वजन 7 मिलिग्रॅम, त्यात इंडियम जेमतेम 5 मिलिग्रॅम. खरी नासाडी कारखान्यात होते: स्पटरिंग करताना, म्हणजे ‘टार्गेट’ नावाच्या ठोकळ्यावर आयनांचा मारा करून त्याचा थर काचेवर चढवताना, टार्गेटमधला साधारण तिसरा हिस्साच काचेवर बसतो. पण उरलेलं गोळा करून पुन्हा शुद्ध केलं जातं, जपान आणि कोरियात तर फार मोठ्या प्रमाणावर.

‘सोलर पॅनेल बंद पडतील.’ छपरावरच्या नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलला इंडियमचा हा थर लागतच नाही. कॅडमियम टेल्युराइडच्या पॅनेलसाठी नुसत्या टिन ऑक्साइडचा, इंडियम नसलेला लेप दिलेली काच चालते. फ्लोरिन मिसळलेला असा लेप तापलेल्या काचेवर द्रावण फवारूनही देता येतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या तंत्रावर वर्षानुवर्षं संशोधन झालंय. लेप टणक आणि उष्णता सोसणारा असतो. मात्र त्यावर बारीक नक्षी कोरणं कठीण जातं, म्हणून डिस्प्लेवाले इंडियम सोडत नाहीत.

‘ग्राफीन दाबून ठेवलंय.’ ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर. दाबलेलं काहीच नाही, सगळं छापून आलंय. 2010 मध्ये कोरियातल्या सुंगक्युंक्वान विद्यापीठाच्या गटाने 30 इंची ग्राफीन फिल्म करून दाखवली. पण विजेला होणारा रोध दर चौरसाला 30 ओहमपर्यंत उतरवायला त्यांना चार थर आणि नायट्रिक आम्लाची प्रक्रिया लागली, आणि ग्राफीनचा प्रत्येक थर 2.3 टक्के प्रकाश शोषतो. इंडियम टिन ऑक्साइडचा एकच थर याहून कमी रोध सहज देतो.

काळजी करायचीच तर पुरवठ्याची करावी. जगातलं निम्म्याहून जास्त इंडियम चीनमध्ये शुद्ध होतं, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने इंडियम फॉस्फाइडसारख्या संयुगांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. दुसरीकडे, भंगारात गेलेल्या फोनमधलं ते 5 मिलिग्रॅम बहुतेक ठिकाणी कोणी वेगळं काढत नाही, कारण आजच्या भावात ते परवडत नाही.