नोटा दाबून आमदार पडत नाही

"जेवढी मतं तेवढे आमदार", म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा द्या, हा मेसेज तालीम-मंडळांच्या ग्रुपवरनं फिरत फिरत आत्याच्या मोबाईलवर पोचलाय आणि गाडी "मग मी नोटाच दाबते" इथवर आलीय. त्यात चार दावे आहेत: नोटा पहिला आला की निवडणूक रद्द आणि सगळे उमेदवार सहा वर्षं बाद, टक्केवारीनं जागा द्यायचा आदेश निवडणूक आयोग उद्याही काढू शकतो, जर्मनीसारखं केलं की १ टक्कावाल्यांनाही ३ आमदार, आणि आत्ताची पद्धत मतांचं माप नीट घालत नाही.

पहिलाच दावा घातक. विधानसभेच्या मोजणीत नोटा हा उमेदवारच नाही. २ लाखांपैकी १ लाख ९० हजार मतं नोटाला, एकाला ६ हजार, दुसऱ्याला ४ हजार पडली, तर ६ हजारवाला आमदार. अनामतीसाठी वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. सहा वर्षं बाद वगैरे मनचं. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावात २०१९ ला नोटा २०,६३१ मतं घेऊन चक्क दुसरा आला होता. विश्वजित कदम आमदार झालेच की! घोळ कुठं झाला तेही सांगतो. राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. पण तो महापालिका-नगरपालिकांपुरता, आणि फेरनिवडणुकीतही नोटाच पुढं राहिला तर त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. विधानसभा घेतो भारत निवडणूक आयोग. तो आयोग वेगळा, नियमही वेगळे.

आयोगाच्या आदेशाचं म्हणाल तर राज्यघटनेच्या १७० व्या कलमात आमदार क्षेत्रीय मतदारसंघातनं निवडायचा आहे. ते बदलायचं काम संसदेचं. कलेक्टर कचेरीत निवेदन देऊन फोटो तेवढा निघेल.

जर्मनीत दोन मतं असतात, एक उमेदवाराला, एक पक्षाला, आणि पक्षाला ५ टक्क्यांची अट. २०२५ मध्ये ४.९८ टक्के मिळवलेल्या पक्षाला तिथं भोपळा मिळाला. मग १ टक्क्याचे तीन आमदार कुठले? आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या दहा जागा एकत्र करून पसंतीनं, म्हणजे उमेदवारांना १, २, ३ असा क्रम देऊन, मतदान घेतलं, तरी एक जागा हमखास मिळायला साधारण ९ टक्के मतं लागतील.

चौथ्यात मात्र तथ्य आहे, नाइलाजानं कबूल. २०२४ ला काँग्रेसला १२.४२ टक्क्यांवर १६ जागा आणि शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्क्यांवर ५७. फक्त ही टक्केवारी राज्यभरची आहे. युती-आघाडीत कुणीच २८८ जागा लढवल्या नव्हत्या, शिंदेसेना तर ८१ च. तरी फरक डोळ्यात भरतोच.

प्रमाणशीर पद्धतीतली पसंतीची मतपत्रिका बघायला जर्मनीला जायला नको. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघात कोल्हापूर येतं. जागा एकच, म्हणून कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त. तिथं मिळालेल्या जांभळ्या पेननंच नावापुढं १, २, ३ असे आकडे घालायचे. १ घातलाच नाही, दोघांपुढं घातला किंवा बरोबरची खूण केली, की मत बाद. या मतदारसंघाची मतदार यादी दर वेळी नव्यानं होते, म्हणजे मागं नाव होतं म्हणून ते आपोआप येत नाही. नाव नोंदवायचा फॉर्म १८ परत भरावा लागतो, आणि १ नोव्हेंबरला पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. आत्या बीए आहे. जुनं डिग्री सर्टिफिकेट शोधायला घे म्हणावं.