शिष्यवृत्तीचा हप्ता आणि खताचे पैसे

आज दुपारपासून हातातले एकही काम नीट झालेले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. आमच्या शेजारच्या काकांची मुलगी यंदा बी. फार्म. झाली. वाळूजच्या एका औषध कंपनीत तिची निवड झाली असून सोमवारी तिला मूळ कागदपत्रांसह रुजू व्हायचे आहे. ती कागदपत्रे आणायला मी त्या दोघांबरोबर तिच्या महाविद्यालयात गेले होते. खिडकीतल्या लिपिकाने संगणकात पाहून सांगितले की, शेवटच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही, तेव्हा अठरा हजार भरा आणि मग टीसी, म्हणजे महाविद्यालय सोडल्याचा दाखला, न्या. काकांनी काहीही न बोलता बंडीच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा काढल्या. ते कपाशीच्या खताचे पैसे होते, हे मला माहीत होते, कारण कालच ते दुकानात जायचे म्हणत होते.

२०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरणार, असा निर्णय झाला तेव्हा आपण सगळ्यांनीच आनंद व्यक्त केला होता. निर्णय चांगलाच आहे. पण उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आधारशी जोडलेले बँक खाते, महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरचा अर्ज, महाविद्यालयाची पडताळणी आणि त्यानंतर जिल्हा कार्यालयाची पडताळणी, हे सगळे सोपस्कार या मुलीने वेळेत पूर्ण केले, तिचा अर्ज मंजूर झाल्याचे तिच्या मोबाइलवर दिसते आहे, आणि तरीही खिडकीसमोर नोटा मोजण्याची वेळ तिच्या बापावर आली. ज्या शासनाने फी भरायची, त्या शासनाला खताचे पैसे उसने देणारा माणूस हा कोरडवाहू शेतकरी आहे, आणि या उसनवारीवर त्याला व्याज तर सोडाच, तारीखही मिळत नाही.

मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने बजावलेले आहे. मी ते लिपिकाला सांगितलेही. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आमचा पगार तीन महिने झाला नाही.” त्यावर मला उत्तर सुचले नाही. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले गेले, पण तिथल्या पगाराला शासनाचा रुपया नाही. फीवरच सगळा गाडा चालतो आणि ती फी निम्म्याहून अधिक मुलांच्या बाबतीत शासनाकडूनच यायची असेल, तर हप्ता थकला की आधी प्राध्यापकांचा पगार थकतो आणि मग मुलांची टीसी अडते. संस्थाचालक काही साधुसंत नाहीत, अनेकांनी यातून माड्या बांधल्या, हे मी मान्य करते. तिजोरीवर ताण आहे, हेही मान्य. परंतु तो ताण शेवटी काकांच्या पिशवीपर्यंतच का पोहोचावा?

आपल्या मराठवाड्यात शिक्षणाची भूक किती जुनी आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. निजामाच्या काळात पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, १९५८ मध्ये विद्यापीठ आले, आणि मग कुठे खेड्यातल्या मुलांना एसटीच्या पासावर पदवीधर होता आले. काकांच्या घरातली ही पहिलीच पदवी आहे. खिडकीसमोर ती मुलगी बापाकडे न बघता भिंतीवरचे वेळापत्रक वाचत उभी होती. मंजूर शिष्यवृत्तीपायी तिला मान खाली घालावी लागली, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागली आहे.

लिपिकाने पावतीवर ‘अनामत’ असे लिहून शिक्का मारला. बाहेर आल्यावर काकांनी पावती माझ्यापुढे धरली आणि विचारले, “ताई, परत देतेल असं लिहिलंय का ह्याच्यात?” तसे काहीही लिहिलेले नव्हते. मी परत आत गेले आणि ‘शासनाकडून हप्ता जमा झाल्यावर परत’ अशी ओळ लिहून घेतली. पावतीची झेरॉक्स माझ्याकडे ठेवली आहे. हप्ता जमा झाल्याचा मेसेज आला की त्या खिडकीवर मी स्वतः काकांबरोबर जाणार आहे. तुमच्या ओळखीत कोणाच्या पावत्या अशाच पडून असतील, तर मला कळवा, आपण सगळे मिळून जिल्हा कार्यालयात अर्ज देऊ.