दाजी, उंची किती?

आमचं परभणी भाकरी थापल्यासारखं सपाट आहे. चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल आणि घाट म्हणजे स्पीडब्रेकर. सायकल उताराला लागली म्हणून पायडल सोडून निवांत बसलोय, असं या गावात माझ्या बाबतीत कधी घडलेलं नाही. अशा गावात पन्नास वर्षं सुखानं काढलेल्या माणसाला त्याच्या मेहुण्यानं वाढदिवसाला गिर्यारोहकांचं घड्याळ द्यावं, याला प्रेम म्हणायचं की जुना हिशेब, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेहुणा पुण्यात असतो. तिथली माणसं रविवारी पहाटे उठून डोंगरावर जातात आणि सोमवारी ते सगळ्यांना सांगतात. घड्याळ माझ्या मनगटावर बांधता बांधता त्यानं माझ्या पोटाकडं पाहिलं आणि म्हणाला, "दाजी, आता सुरुवात करा. हे सगळं सांगतंय. उंची, हवेचा दाब, दिशा, तापमान, सूर्योदय, सूर्यास्त. सेल बदलायची कटकट नाही, उन्हावर चार्ज होतं. 100 मीटर पाण्याचा दाब सोसतं."

आमच्या नळाला आठवडा-आठवडा पाणी येत नाही, पण ते मी बोललो नाही. भेटवस्तू होती.

आईनं मात्र चष्मा वर सरकवून नीट पाहिलं. "काय रे बापू, ही मनगटाला चुन्याची डबी कामून बांधलीस?"

डबीला पाच बटणं होती. डावीकडं दोन, उजवीकडं तीन. कुठलंही दाबलं की घड्याळ पीक म्हणायचं आणि काहीतरी वेगळंच दाखवायचं. सोबतचं माहितीपुस्तक पंचांगाएवढं जाड, अक्षर मुंगीएवढं आणि भाषा बारा-तेरा. त्यात मराठी नाही. जगातल्या शहरांच्या वेळा दाखवायची सोय होती. ती शोधताना बर्लिन सापडलं. म्हणजे 'जगात जर्मनी' एवढं त्या कंपनीला मान्य होतं. 'भारतात परभणी'ची दखल घेतलेली नव्हती. भारतात फक्त दिल्ली.

तापमानाचं एका ओळीत सांगतो. मे महिन्यात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत 43 अंश नोंदलं गेलं, त्या दुपारी माझं घड्याळ 37 दाखवत होतं, कारण ते हवेचं नाही, माझ्या मनगटाचं तापमान मोजत होतं. हवेचं पाहिजे असेल तर घड्याळ काढून वीस-पंचवीस मिनिटं सावलीत ठेवायचं. आई म्हणाली, "त्यापरीस अनवाणी अंगणात जा, लगेच कळतंय."

आता उंची. पहिल्या दिवशी मी घरात ओट्यावर बसून मोठ्या उत्सुकतेनं उंचीचं बटण दाबलं. घड्याळ म्हणालं 338 मीटर. शाळेत शिकल्याप्रमाणं परभणी 400 मीटरच्या आसपास. साठ-एक मीटरचा खड्डा पडला होता आणि त्यात आम्ही सहकुटुंब राहत होतो. पुण्याला फोन लावला.

"दाजी, आधी तुम्ही त्याला उंची सांगायची असते."

"मी? मग ते मला काय सांगणार?"

"तुम्ही सांगितल्यावर पुढं किती चढलात, किती उतरलात, ते."

म्हणजे लग्नाला आलेल्या आमच्या एका पाहुण्यासारखं झालं. रस्ता आपण सांगायचा आणि पुढं बसून डावीकडं-उजवीकडं त्यांनी करायचं. खरी गोष्ट अशी, की या घड्याळाला उंचीतलं काहीच कळत नाही. त्याला कळतो फक्त हवेचा दाब. वर जावं तशी डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. आपल्याकडच्या उंचीवर साधारण 9 मीटर चढलं की 1 हेक्टोपास्कल कमी. हेक्टोपास्कल म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप. समुद्रकाठी दाब 1013.25 आहे असं धरून ते बाकीचा हिशेब मांडतं. समुद्रकाठची हवा त्या दिवशी 1013.25 नसेल, तर हिशेब चुकला. आणि परभणीहून समुद्र काही विचारायला जवळ नाही.

मग खरी उंची आणायची कुठून? आपल्या रेल्वेनं ही सोय करून ठेवली आहे. प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाच्या खाली समुद्रसपाटीपासूनची उंची बारीक अक्षरात लिहिलेली असते. आयुष्यभर त्या पाटीखाली उभं राहून गाड्यांची वाट पाहिली, पण तो आकडा माझ्या कामाचा असेल असं वाटलं नव्हतं. प्लॅटफॉर्म तिकीट काढून गेलो. पाटीखाली उभा राहून एक बटण तीन सेकंद दाबून धरलं आणि दुसऱ्यानं आकडा एकेक मीटर वर चढवत बसलो. टीसी बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ आले.

"कुणाला घ्यायला आलाव?"

"उंची घ्यायला," मी म्हणालो. त्यांनी तिकीट दोनदा तपासलं.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला घरी आलो, जेवलो आणि बाजेवर आडवा झालो. चारला उठून पाहतो तर घड्याळ सांगतंय, मी 34 मीटर चढलो. बाजेवर. दहा मजली इमारतीएवढा. बायकोला विचारलं, मी मधे उठून कुठं गेलो होतो का? "तुम्ही? पंखा बंद पडला तरी तुम्हाला कळलं नव्हतं."

आधी वाटलं, घड्याळ बिघडलं. रात्री दहाला मी पुन्हा बराचसा खाली आलेलो होतो. मग थोडं वाचलं, एका भूगोलाच्या मास्तरांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडं हवेचा दाब दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमाराला सगळ्यात जास्त. दुपारी चारला आणि पहाटे चारला कमी. सूर्याच्या उष्णतेनं सगळं वातावरणच असं हेलकावे खातं. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा, पण घड्याळाच्या भाषेत तेवढ्यात बाज दहा मजले वर जाते. सबंध परभणी रोज दुपारी चढते आणि रात्री उतरते. महानगरपालिकेला याचा पत्ताही नसेल.

हे वाचताना एक जुनी गोष्ट हाती लागली आणि तिनं माझं मन फार हळवं केलं. हेक्टोपास्कलमधला जो पास्कल, तो फ्रान्सचा मोठा विद्वान. उंचावर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो का, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी पाऱ्याची नळी घेऊन डोंगर चढायला हवा. पास्कलची तब्येत तोळामासा आणि तो पॅरिसमध्ये. मग त्यानं काय केलं? बहिणीच्या नवऱ्याला पत्र लिहिलं. दाजींना! 19 सप्टेंबर 1648 ला पेरिए नावाचे ते बिचारे दाजी नळ्या आणि पारा घेऊन प्वी द डोम नावाच्या डोंगरावर चढले. पारा खरंच उतरला. सिद्धांत खरा ठरला. आज सगळ्या जगाच्या घड्याळांत नाव मेहुण्याचं आहे. डोंगर चढलेल्या दाजींना कोण ओळखतं?

पण पेरिए दाजी माझ्यापेक्षा हुशार होते. चढण्याआधी त्यांनी एक नळी पायथ्याच्या गावात मठाच्या बागेत ठेवली आणि एका साधूला दिवसभर तिच्याकडं बघत बसवलं. डोंगरावर पारा उतरला तो चढल्यामुळं की हवाच बदलली म्हणून, हे कळावं, एवढ्यासाठी. हे त्यांना 1648 ला सुचलं. माझ्या घड्याळाला अजून सुचलेलं नाही.

होकायंत्राचंही सांगायला हवं. ते आधी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे घड्याळ आडवं धरून जागच्या जागी सावकाश गोल फिरायचं. मी गच्चीवर घाण्याच्या बैलासारखा फिरत होतो, तेव्हा शेजारचे निवृत्त तलाठीकाका त्यांच्या गच्चीवरून म्हणाले, "काय करायलाव ओ? नवस का काही?" दिशा दिसते म्हटल्यावर त्यांनी मला तसंच खाली, त्यांच्या घरात नेलं. वास्तू तपासायला. लोखंडी कपाटाशेजारी उभं राहून पाहिलं तर त्यांचा संडास ईशान्येला निघाला. काकू मटकन खाली बसल्या. कपाटापासून चार पावलं लांब गेलो तर तोच संडास वायव्येला. लोखंडाजवळ सुई भरकटते, हे मी परोपरीनं सांगितलं. पण काकांनी जन्मभर मोजण्या केलेल्या. दोन मोजण्यांतली वाईट तेवढी खरी, असा त्यांचा अनुभव. सहा महिने झाले, ते अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

एप्रिलमध्ये मेहुणा आला आणि म्हणाला, "चला दाजी, देवगिरी." मी हो म्हणालो, कारण देवगिरीच्या गडावर तोफा आहेत, कमानी आहेत, पायऱ्या आहेत, तो डोंगर असला तरी सरकारी वाटतो. रेल्वेनं निघालो. सेलू, परतूर, जालना. गाडी संभाजीनगरकडं हळूहळू चढत जाते हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. घड्याळ शेंगदाणे खाता खाता दीडशे मीटर चढलं. प्रत्येक स्टेशनात मी खिडकीतून मान काढून पिवळी पाटी शोधत होतो. समोरच्या आजीबाईंनी पिशवीतून लिंबू काढून दिलं. त्यांना वाटलं, मळमळतंय.

गडाच्या दारात घड्याळानं तासाचा ठोका म्हणून पीक केलं. तो आवाज बंद करावा म्हणून मी एक बटण दाबलं. पडद्यावरचा आकडा बदलला. मी लक्ष दिलं नाही. पुढचं सगळं त्या एका बटणामुळं झालं.

चांदमिनार मागं पडला. मेहुणा पुढं, मी मागं आणि आमच्यातलं अंतर वाढतच गेलेलं. 1327 ला मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली, तेव्हा दिल्लीकरांना इतक्या लांब चालवत आणलं म्हणतात. त्यांच्या पायांची मला पहिल्यांदा मनापासून कीव आली. खंदकावरचा पूल ओलांडला आणि अंधारीत शिरलो. कातळात कोरलेली, वळणावळणानं चढणारी काळोखी वाट. वटवाघळांचा वास. आमच्या पुढं एक कुटुंब आणि मशाल धरलेला वाटाड्या. तो हळू आवाजात सांगत होता, "इथं आला की शत्रू गोंधळायचा. दिशा कळायची नाही. काय करावं सुचायचं नाही."

आणि माझ्या मनगटावर पीपीपी पीपीपी पीपीपी सुरू झालं.

कातळात तो आवाज दसपट मोठा झाला. वटवाघळं उठली. पुढच्या कुटुंबातलं पोरगं किंचाळलं, मग त्याची आई, मग त्या दोघांना धीर देणारे वडील. वाटाड्या ओरडला, "सायेब, ते काय हाय ते बंद करा!" मी काळोखात पाचही बटणं एकेक करून दाबली. आवाज थांबला, पण दिवा लागला आणि विझेना. त्या निळसर उजेडात मी एकटाच दिसत होतो.

बाहेर आल्यावर मेहुण्यानं घड्याळ हातात घेतलं आणि खो खो हसत सुटला. "दाजी, वादळाचा इशारा आहे हा!"

वर आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता. झालं असं होतं, की गडाच्या दारात मी दाबलेल्या बटणानं घड्याळ उंचीवरून हवामानावर गेलं होतं. हवामानावर असताना ते असं धरून चालतं, की माणूस एका जागी बसलेला आहे. मग दाब भराभर उतरला तर त्याच्या मते एकच कारण, वादळ येतंय. मी एकेक पायरी धापा टाकत चढत होतो आणि घड्याळ समजत होतं, मी जागेवरच आहे, आभाळ खाली यायला लागलंय.

सगळ्यात वरच्या बुरुजावर पोचलो. पाय लटपटत होते, धपाट्यांची पुरचुंडी सोडायचंही त्राण नव्हतं. शेकडो पायऱ्या झाल्या होत्या. मेहुण्यानं गडाच्या दारापासूनची नोंद काढून दाखवली. एकूण चढाई: 0 मीटर.

बाजेवर झोपलो तेव्हा 34 आणि देवगिरी चढलो तेव्हा 0. मी धपाटं खाल्लं. दुसरं काय करणार?

जाताना मेहुण्यानं घड्याळ उंचीवर लावून दिलं आणि शपथ घातली की मी आता कशालाही हात लावायचा नाही. मी लावला नाही. मे उजाडला. गच्चीवर कुरडया वाळायला लागल्या. घड्याळ उन्हावर चार्ज होतं म्हणून तेही त्यांच्याशेजारी कपड्यावर ठेवायचो. ऊन फार झालं की आई कुरडयांवर टाकते तसं त्याच्यावर पातळाचं टोक टाकायची.

एका दुपारी पश्चिमेकडून तपकिरी भिंत आली. दारं आपटली, कुणाचा तरी पत्रा उडाला. बायको आणि मी गच्चीवर धावलो तोवर थेंब सुरू झाले होते आणि थेंबांमागून गारा. कपड्याची चार टोकं दोघांनी धरली तर वाऱ्यानं त्याचं शीडच झालं. अर्ध्या कुरडया आत आल्या, अर्ध्यांचा पुन्हा चीक झाला. मी घड्याळ उचललं. ते शांत होतं. उंचीवर लावलेलं असल्यामुळं वादळ हा आपला विषयच नाही, अशा थाटात. अशा वादळाबरोबर थंड जड हवा खाली येते, तिनं दाब एकदम वाढतो. घड्याळात दिसत होतं, की गेल्या दहा मिनिटांत मी 22 मीटर खाली उतरलो.

"काय म्हणतंय?" केसांतल्या गारा झटकत बायकोनं विचारलं.

"आपण खाली गेलोय."

तिनं गच्चीवरून खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि भिजलेला कपडा माझ्या हातात देऊन जिना उतरून गेली.

रात्री पुण्याहून फोन आला. "दाजी, आज किती चढलात?"

"आज उतरलो. 22 मीटर. गच्चीवर उभ्या उभ्या, वादळात."

"अरे वा!" मेहुणा खूश झाला. "म्हणजे सेन्सर एकदम चोख आहे!"

मी हो म्हणालो. पुण्याला पाठवायच्या म्हणून बायकोनं वेगळ्या मांडलेल्या कुरडया नेमक्या भिजलेल्या अर्ध्यात होत्या, हे त्याला सांगितलं नाही.